फोर-व्हील-ड्राइव्ह आरसी ट्रक: आधी बिघाड शोधा, मग सेटिंग करा

नवा आरसी (रेडिओने दुरून चालवायचा) ट्रक पहिल्या पाच-सहा बॅटऱ्या सुरळीत पळतो आणि मग एक दिवस वळणावर मागून सुटायला लागतो, उडीवरून उतरताना आपटतो किंवा सरळ पट्ट्यात एका बाजूला ओढ घेतो. अशा वेळी नवख्या माणसाचा हात आधी शॉकच्या तेलाकडे नाहीतर डिफच्या (डिफरन्शियल, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारे गियर) पेटीकडे जातो, कारण सेटिंगच्या गप्पा सगळ्या त्याच भागांच्या असतात. माझा अनुभव असा, की हँडलिंगचा दोष म्हणून सांगितल्या जाणाऱ्या बहुतेक तक्रारींच्या मुळाशी निसटलेली पिन, वाकलेली दांडी, गळणारा शॉक किंवा ढिला नट असतो. आणि अशा ट्रकवर केलेली सेटिंग नंतर तो नट आवळल्यावर उलटी अंगावर येते. म्हणून पुढचा क्रम पाळावा: आधी बॅटरी काढून यांत्रिक तपासणी, मग विजेचा भाग, मग गियरिंग, आणि सेटिंगला हात सर्वांत शेवटी.

कोणता ट्रक

येथे १/१० प्रमाणाचा, विजेवर चालणारा शॉर्ट कोर्स ट्रक गृहीत धरला आहे. अमेरिकेतल्या ऑफ-रोड शर्यतींत धावणाऱ्या मोठ्या ट्रकांची ही प्रतिकृती. टेक्सासमधल्या ट्रॅक्सस कंपनीने २००८ साली मागच्या दोन चाकांवर चालणारा 'स्लॅश' बाजारात आणला आणि हा प्रकार झपाट्याने लोकप्रिय झाला. पुढच्या दोनेक वर्षांत त्याची फोर-व्हील-ड्राइव्ह आवृत्तीही आली. पुढच्या व मागच्या आसांतले अंतर ३२४ मिमी आणि रुंदी २९६ मिमी ही स्लॅशची मापे डोळ्यांसमोर ठेवली, तर आपला ट्रक साधारण याच कुळातला आहे की नाही ते कळेल.

काहीही उघडण्याआधी एक गोष्ट माहीत करून घ्यावी, ती म्हणजे आपल्या ट्रकच्या मध्यभागी स्लिपर क्लच (जास्त जोर आला की घसरणारा क्लच) आहे की सेंटर डिफ (पुढच्या आणि मागच्या आसांत जोर वाटणारा डिफ). स्लॅश फोर-बाय-फोरमध्ये मूळचा स्लिपर असतो, म्हणजे पुढचा आणि मागचा आस एकाच दांडीने बांधलेले असतात आणि नेहमी बरोबरीने फिरतात. टेक्नोच्या एससीटी४१० सारख्या ट्रकमध्ये पुढे, मध्ये आणि मागे असे तीन डिफ असतात. लक्षण एकच असले तरी या दोन रचनांमध्ये त्याचे कारण वेगवेगळे निघते, म्हणून पुढे जिथे फरक पडतो तिथे तो सांगितला आहे.

हत्यारे

१.५, २ आणि २.५ मिमीचे चांगल्या पोलादाचे हेक्स ड्रायव्हर घ्यावेत. पेटीत फुकट मिळालेली एल आकाराची ॲलन की तातडीपुरती ठीक, पण ती स्क्रूचे डोके गोल करते आणि गोल झालेला स्क्रू काढण्यात अख्खा रविवार जातो. याशिवाय चाकाच्या नटाचा पाना, इन्फ्रारेड तापमापक, निळा थ्रेडलॉक (स्क्रू सैल होऊ न देणारा गोंद), जुना टूथब्रश आणि एक वही एवढे पुरे. थ्रेडलॉक फक्त धातूत बसणाऱ्या धातूच्या स्क्रूला लावावा. प्लास्टिकला तो लागला तर काही प्लास्टिक ठिसूळ होऊन तडकते. चाके अधांतरी राहतील अशा बेताने ट्रक ठेवायला लाकडाचा ठोकळा किंवा जुना डबा चालतो.

बॅटरी काढून करायची तपासणी

पिनियनवर (मोटारीच्या दांडीवरचा छोटा गियर) हात गेला असताना मोटार चुकून फिरली तर बोट फाटते, म्हणून बॅटरी आधी काढावी. मोटारीचे स्क्रू सैल करून पिनियन स्पर गियरपासून (पिनियनने फिरणारा मोठा गियर) दूर सरकवावा, म्हणजे मोटारीच्या चुंबकांचा अडथळा जाऊन बाकीची यंत्रणा हाताला मोकळी लागेल.

आता ट्रक ठोकळ्यावर ठेवून स्पर गियर बोटांनी धरावा आणि पुढचे एक चाक फिरवावे. स्लिपरच्या ट्रकमध्ये त्याच आसावरचे दुसरे चाक उलट्या दिशेने फिरले पाहिजे आणि मागची चाके स्थिर राहिली पाहिजेत. हेच मागच्या बाजूला करून पाहावे. तीन डिफच्या ट्रकमध्ये पुढची दोन्ही चाके मिळून एकाच दिशेने फिरवली, की मागची उलटी फिरतात. चाक फिरवले आणि बाकी काहीच हलले नाही, तर त्या चाकापर्यंतची साखळी कुठेतरी तुटली आहे: हेक्समागची (चाक ज्यावर बसते तो षटकोनी तुकडा) आडवी पिन पडली असेल, ड्राइव्हशाफ्टचे टोक कपातून निसटले असेल किंवा डिफच्या आउटड्राइव्हमधली (डिफमधून बाहेर येणारा कप) पिन मोडली असेल.

असा एखादा दुवा तुटला की दोन्ही रचना वेगळ्या वागतात. स्लिपरच्या ट्रकमध्ये पुढच्या डिफकडे जाणारी दांडी सुटली तरी ट्रक पळतो, फक्त त्याचा टू-व्हील-ड्राइव्ह होतो आणि गती देताच शेपूट फिरवतो. चालवणारा मात्र मागच्या टायरांना दोष देत राहतो. सेंटर डिफच्या ट्रकमध्ये सगळा जोर त्या मोकळ्या टोकाकडे पळतो, मोटार किंचाळते आणि ट्रक जागचा जेमतेम हलतो. मोटार जळाली असे समजून नवी मागवण्याआधी ही दोन मिनिटांची तपासणी करावी.

यानंतर प्रत्येक चाक धरून आत-बाहेर आणि वर-खाली हलवून पाहावे. थोडा प्ले (ढिलेपणा) असणारच, पण एका चाकात बाकीच्यांपेक्षा जास्त असला तर बेअरिंग गेले आहे किंवा आर्मची (चाक धरणारा सस्पेन्शनचा हात) पिन झिजली आहे. शॉक खालच्या टोकाला सोडून आर्म वर उचलावा आणि सोडावा. तो स्वतःच्या वजनाने खाली पडला पाहिजे. मध्येच अडकणारा आर्म असेल, तर कितीही महागडे शॉक ऑइल भरले तरी काही साधत नाही.

गियरची मेश (दाते एकमेकांत किती घट्ट बसतात ते) बसवताना वहीच्या कागदाची बोटभर रुंद पट्टी उपयोगी पडते. ती पिनियन आणि स्पर यांच्या दात्यांमध्ये घालावी, मोटार पट्टीवर दाबून स्क्रू आवळावेत आणि गियर फिरवून पट्टी बाहेर काढावी. तिच्यावर दात्यांच्या घड्या स्पष्ट उमटल्या पाहिजेत, पण ती फाटता कामा नये. फाटली तर मेश घट्ट आहे, त्याने मोटार तापते आणि पळताना बारीक शीळ ऐकू येते. घड्या पुसट असल्या तर मेश सैल आहे आणि स्परचे दाते एका दुपारीत सपाट होतील. स्पर बहुधा अगदी गोल नसतो, म्हणून पट्टी काढल्यावर तो चार ठिकाणी थांबवून प्रत्येक ठिकाणी किंचित प्ले आहे ना, ते बोटाने पाहावे.

आवाजावरून निदान

माझ्या ट्रकमध्ये एकदा फक्त गती देताना टक्-टक् असा आवाज येऊ लागला. क्राउन-पिनियनचे (डिफचा मोठा गियर आणि त्याला फिरवणारा छोटा गियर) दाते गेले असे ठरवून मी दोन संध्याकाळी मागचा डिफ उघडला, शिम (पातळ चकत्या) घातल्या, काढल्या, पुन्हा घातल्या, आवाज तसाच. तिसऱ्या दिवशी चाक काढल्यावर दिसले, की चाकाचा नट ढिला राहिल्याने प्लास्टिकच्या रिमचा षटकोनी खळगा आतून गोल झाला होता आणि जोर आला की हेक्स त्यात घसरत होते. तेव्हापासून कोणत्याही आवाजाचा शोध मी बाहेरून आत, चाकापासून मोटारीकडे घेतो.

आवाज कधी येतो यावरून जागा बरीचशी कळते. स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावरच खडखड होत असेल, तर पुढचा ड्राइव्हशाफ्ट त्याच्या कोनाच्या मर्यादेपलीकडे जातो आहे. रेडिओवरचा स्टिअरिंगचा एंड पॉइंट (चाके जास्तीत जास्त किती वळावीत ती मर्यादा) कमी करावा. गती देताना आणि ब्रेक लावतानाही खरखर येत असेल, तर आधी मेश आणि नंतर क्राउन-पिनियन पाहावे. सुटताना क्षणभर कर्कश आवाज येऊन ट्रक उशिरा पुढे जात असेल, तर स्लिपर सैल आहे. स्लिपरचा नट पूर्ण आवळून अर्धा ते एक फेरा सैल करावा आणि मातीत जागेवरून पूर्ण गती देऊन पाहावी: पहिले फूट-दोन फूट तो घसरल्याचे ऐकू यावे, त्यापुढे नाही. नट पूर्ण आवळून ठेवणारे बरेच भेटतात. त्यांचा ट्रक जोरात सुटतो हे खरे, पण उडीवरून चाके फिरत असताना उतरला की तो धक्का थेट स्पर आणि डिफवर बसतो.

वीज, रेडिओ आणि सर्व्हो

दोन सेलच्या लायपो (लिथियम-पॉलिमर) बॅटरीचा नाममात्र दाब ७.४ व्होल्ट आणि पूर्ण चार्ज झाल्यावर ८.४ व्होल्ट असतो. स्पीड कंट्रोलरमधला (मोटारीची गती सांभाळणारा भाग) लायपो कट-ऑफ चालू आहे याची पहिल्याच दिवशी खात्री करावी. सेलमागे साधारण ३.२ व्होल्टवर तो थांबला पाहिजे. चार-पाच दिवस ट्रक चालवायचा नसेल, तर बॅटरी सेलमागे ३.८ व्होल्टच्या आसपास ठेवावी. फुगलेली बॅटरी "अजून एक रविवार" म्हणून वापरू नये.

रेडिओ आधी चालू करावा आणि मग ट्रक. बंद करताना आधी ट्रक आणि मग रेडिओ. थ्रॉटलचा ट्रिम (मधल्या स्थितीची बारीक जुळणी) शून्यावर आणून स्पीड कंट्रोलर पुस्तिकेप्रमाणे कॅलिब्रेट करावा. ट्रक उभा असताना आपोआप सरकतो किंवा रिव्हर्स लागत नाही, या तक्रारी बहुधा एवढ्यानेच मिटतात.

पूर्ण गती देताच स्टिअरिंग थरथरते किंवा क्षणभर मरते, ही तक्रार रेडिओच्या नावावर खपते, पण पुष्कळदा दोष विजेच्या पुरवठ्याचा असतो: मोटार एकदम करंट ओढते, बॅटरीचा दाब बसतो आणि रिसीव्हर व सर्व्होला (चाके वळवणारी छोटी मोटार) पोहोचणारी वीज अपुरी पडते. आधी कनेक्टर पाहावेत. त्यांचा रंग तपकिरी झाला असेल किंवा ते हाताला गरम लागत असतील, तर सोल्डर पुन्हा करावे. त्यानेही भागले नाही आणि दुसऱ्या चांगल्या बॅटरीवरही तसेच झाले, तर सर्व्हो स्पीड कंट्रोलरच्या कुवतीपेक्षा मोठा आहे. मोटार सुटताना अडखळत असेल, तर तिन्ही तारांचे जोड आणि सेन्सरची तार तपासावी. सेन्सर नसलेल्या मोटारीत अगदी हळू चालताना थोडे अडखळणे स्वाभाविक आहे.

ट्रक सरळ जात नसेल, तर तो कधी ओढतो ते पाहावे. गती सोडून नुसता घरंगळतानाही ओढत असेल, तर दोष स्टिअरिंगच्या मांडणीत आहे: वाकलेला टर्नबकल (लांबी बदलता येणारी जोडदांडी), ढिला सर्व्हो सेव्हर (धक्क्यापासून सर्व्होला वाचवणारा स्प्रिंगचा जोड) किंवा जाम झालेले बेअरिंग. फक्त गती देतानाच ओढत असेल, तर टायर रिमपासून सुटला आहे का आणि एखाद्या चाकापर्यंतचा जोर तुटला आहे का, हे पाहावे. सर्व्हो बदलला असेल तर त्याच्या दांडीवरचे दाते मोजावेत. काहींना २३, काहींना २४ आणि काहींना २५ दाते असतात. न जुळणारा हॉर्न (सर्व्होच्या दांडीवर बसणारा छोटा हात) ठोकून बसवला की तो काही दिवस चालतो आणि मग नेमका वळणावर फिरतो.

गियरिंग आणि तापमान

स्परच्या दात्यांना पिनियनच्या दात्यांनी भागून आलेला आकडा डिफच्या आतल्या गुणोत्तराने गुणला, की अंतिम गुणोत्तर मिळते. समजा स्पर ५४ दात्यांचा, पिनियन १३ चा आणि आतले गुणोत्तर २.८५ आहे: ५४ भागिले १३ म्हणजे ४.१५, आणि त्याला २.८५ ने गुणून सुमारे ११.८. पिनियन १४ चा केला तर हाच आकडा ११ वर येतो, म्हणजे वरची गती सात-आठ टक्के वाढते आणि मोटारीवरचा भारही वाढतो. एका दाताने काय होणार, असे वाटते. पण मोटारीला तो एक दात चांगलाच जाणवतो.

पिनियन बदलल्यावर तीन-चार मिनिटे चालवून ट्रक थांबवावा आणि मोटारीच्या कवचाचे तापमान घ्यावे. ७० अंश सेल्सिअसपर्यंत निश्चिंत असावे; ८० च्या पुढे आकडा गेला तर तिथेच थांबून पिनियन एक-दोन दात्यांनी लहान करावा, कारण आतली चुंबके तापून क्षीण झाली की ती पूर्ववत होत नाहीत. जानेवारीतल्या पुण्यात जे गियरिंग निर्धोक ठरले, तेच मे महिन्यातल्या नागपुरात चालेल असे समजू नये. हवाच ४२-४३ अंशांवर असेल, तर मोटारीला उष्णता टाकायला जागा उरत नाही. उंच गवतात चालवण्यानेही मोटार तापते, हे माळावर सराव करणाऱ्यांनी लक्षात ठेवावे.

आता सेटिंग

पुस्तिकेत दिलेल्या मूळ सेटिंगवर सगळे परत आणावे आणि तो आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहावा. एका वेळी एकच बदल करावा आणि त्यानंतर निदान पाच फेऱ्या माराव्यात. पहिल्या दोन फेऱ्यांत आपला हातच बदललेला असतो.

सुरुवात टायरांपासून करावी, कारण बाकी सगळ्या बदलांपेक्षा त्यांचाच परिणाम मोठा असतो. भुसभुशीत धुळीत उंच आणि विरळ खुंट्यांचे टायर जमिनीत रुततात. घट्ट दाबलेल्या मातीवर तेच लडबडतात आणि तिथे आखूड, दाट खुंट्या लागतात. आपल्याकडच्या मुरमाच्या मैदानात खाली कडक थर आणि वर सुटे खडे असतात, तिथे मधल्या उंचीच्या खुंट्या मला बऱ्या वाटतात. स्लिपरच्या ट्रकला पुढे झिजलेले आणि मागे नवे टायर लावू नयेत: व्यास वेगळा असला की दोन्ही आस एकमेकांना ओढत राहतात, आणि त्याची किंमत मोटार आणि स्लिपर मोजतात.

मग उंची. बॅटरी आणि बॉडी बसवून ट्रक सपाट जमिनीवर वीतभर उंचीवरून सोडावा आणि तो स्थिर झाल्यावर ड्राइव्हशाफ्ट पाहावेत. ते जमिनीला समांतर असणे ही चांगली सुरुवात आहे. शॉकवरचा कॉलर खाली फिरवला की स्प्रिंग कडक होते, असा समज सर्रास आढळतो. कॉलर फक्त उंची वाढवतो. कडकपणा हवा असेल तर स्प्रिंगच बदलावी लागते. मागे आणि पुढे सुमारे −१ ते −२ अंश कॅम्बर (चाकाचा वरचा भाग आत झुकलेला), मागे २ ते ३ अंश टो-इन (चाकांची पुढची टोके आत वळलेली) आणि पुढे शून्य ते १ अंश टो-आउट (तीच टोके बाहेर वळलेली) एवढ्यावर नवख्याने समाधान मानावे. या आकड्यांशी खेळण्यापेक्षा डावी-उजवी बाजू सारखी ठेवणे जास्त महत्त्वाचे असते.

शॉक ऑइलच्या बाटलीवरचा 'वेट' प्रत्येक कंपनीचा निराळा असतो, म्हणून सेंटिस्टोक्सचा (तेलाचा दाटपणा मोजण्याचे एकक) आकडा पाहावा. टीम असोसिएटेडचे ३५ वेट म्हणजे ४२५ सेंटिस्टोक्स, आणि सुरुवातीला पुढे याच्या आसपास व मागे किंचित पातळ तेल ठीक असते. तेल भरल्यावर दांडा हळूहळू वर-खाली करून बुडबुडे वर येऊ द्यावेत आणि घाई न करता दहा मिनिटे थांबावे. झाकण लावून डावा आणि उजवा शॉक एकावर एक उलटसुलट टेकवून दाबावेत. दोन्ही सारखे आत गेले नाहीत तर जोडी पुन्हा भरावी. उडीवरून उतरताना चॅसिस जमिनीवर सपकन आपटत असेल तर तेल थोडे घट्ट करावे. बारीक खाचखळग्यांवर ट्रक थडथडत असेल तर पातळ करावे. उन्हात तेल पातळ होते, म्हणून उन्हाळ्यात एक पायरी घट्ट तेल घालण्याचा माझा रिवाज आहे.

डिफमध्ये मात्र तेलाचे आकडे हजारांत असतात. पुढे ५,०००, मध्ये ७,००० आणि मागे ३,००० सेंटिस्टोक्स ही मातीच्या ट्रॅकसाठी मध्यममार्गी मांडणी आहे. मुरमासारख्या निसरड्या जागी मी तिन्ही आकडे एक पायरी खाली आणतो. सरळ पट्ट्यात गती देताच पुढचे टायर फुगून उगाच फिरताना दिसले, तर जोर मध्यातून पुढे पळतो आहे. सेंटरचे तेल घट्ट करावे. वळणातून बाहेर पडताना पुढचे आतले चाक नुसते फिरत असेल, तर पुढचे तेल घट्ट करावे. मात्र त्याने वळणात शिरतानाची स्टिअरिंग थोडी कमी होते. गती देताच मागचा भाग घसरत असेल, तर मागचे पातळ करावे. तेल भरताना आतल्या छोट्या गियरांची आडवी पिन जेमतेम बुडेल एवढेच भरावे. काठोकाठ भरलेला डिफ तापला की सीलमधून तेल बाहेर टाकतो.

ट्रक वळणावर उलटत असेल, तर पकड कमी नसून जास्त आहे. उंची दोन-तीन मिमी कमी करावी आणि तेवढ्याने भागले नाही तर टायरच्या बाहेरच्या कडेवर सुपरग्लूचा पातळ थर द्यावा. उडीवर नाक वर उचलून मागे कोसळत असेल, तर मात्र शॉकला हात लावण्याआधी बॉडी पाहावी: शॉर्ट कोर्सची मोठी बॉडी पोटात हवा भरून छत्रीसारखी उघडते, आणि मागच्या पट्टीत भोके पाडल्याने ते बरेच कमी होते. शर्यतीत उतरायचे असेल तर कात्री चालवण्याआधी तिथल्या नियमांत ते बसते का, हे विचारून घ्यावे. हवेत असताना गती दिली की नाक वर येते आणि ब्रेकला बोट लावले की खाली जाते, हा सराव मात्र हातालाच करावा लागतो.

घरी आल्यावर

मातीचा थर वाळण्याआधी ब्रशने काढावा. दाबाची हवा बेअरिंगवर सरळ मारू नये, कारण धूळ सीलच्या आत जाते. पावसात चालवले असेल, तर "वॉटरप्रूफ" हा शब्द फक्त इलेक्ट्रॉनिक्सपुरता आहे असे समजावे. चारही चाकांची बेअरिंग त्याच संध्याकाळी काढून, पुसून, वाळवून त्यांत हलक्या तेलाचा एक-एक थेंब सोडावा. दुसऱ्या दिवसावर ठेवली तर ती गंजून खरखरीत लागतात, आणि पुढच्या आठवड्यात ट्रक पुन्हा एका बाजूला ओढू लागतो.